गडाच्या नकाशात आमची घरे कोणत्या रंगात?
जागतिक वारसा किल्ल्यांचे आराखडे करणाऱ्यांना पन्हाळ्याहून खुले पत्र

प्रति,
जागतिक वारसा यादीतील मराठा किल्ल्यांचे व्यवस्थापन आराखडे तयार करणारे आणि त्यांना मान्यता देणारे केंद्र व राज्य शासनाचे सर्व अधिकारी, तज्ज्ञ आणि सल्लागार

विषय : गडावर व गडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या लोकांना आराखड्यात लेखी स्थान देण्याबाबत

महोदय, महोदया,

गेल्या महिन्यात एका सादरीकरणाला मी श्रोता म्हणून बसले होते. पडद्यावर पन्हाळ्याचा नकाशा होता. तटबंदी लाल रेषेने दाखवली होती, अंबारखाना, सज्जाकोठी, तीन दरवाजा आणि अंधारबाव पिवळ्या रंगात होती, तळी निळी होती. त्यांच्या मधोमध करड्या रंगाचा एक मोठा पट्टा होता आणि कोपऱ्यातील सूचीत त्या रंगापुढे एकच शब्द लिहिलेला होता : दृश्यबाधा. माझे घर त्या पट्ट्यात येते. माझी दोन्ही मुले जिथे शिकली ती शाळा, आमची बाजारपेठ आणि दवाखानाही त्यातच येतो. सादरीकरण कोणत्या कार्यालयासाठी होते आणि ते कोणी केले हे मी येथे लिहीत नाही, कारण माझी तक्रार एका व्यक्तीविरुद्ध किंवा एका कार्यालयाविरुद्ध नाही. तो शब्द ज्या विचारातून आला तो विचार आराखड्यात कायमचा उतरू नये, एवढ्यासाठी हे पत्र आहे. आणि बाराही किल्ल्यांवरच्या लोकांनी ते वाचावे अशी इच्छा असल्यामुळे ते खुले आहे.

११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे जागतिक वारसा समितीच्या ४७ व्या अधिवेशनात साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतील जिंजी हे बारा किल्ले 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून यादीत घेतले गेले, तेव्हा आमच्या गल्लीत साखर वाटली गेली आणि ती वाटणाऱ्यांत मीही होते. त्याच्या आधीचे काही महिने मात्र गडावर धास्तीचे होते. नामांकन झाले की घरे उठवणार, दुकाने बंद करणार, अशी चर्चा घरोघरी होती आणि लोकांनी ती भीती उघडपणे मांडलीही. त्यावर दिलासे मिळाले. पण मी ऐकलेले सगळे दिलासे तोंडी होते. अधिकारी बदलून जातात. कागद मागे राहतो, आणि माझ्या पाहण्यात आलेल्या एकमेव कागदावर तो करडा पट्टा आहे.

मी पन्हाळ्याची सून. एकतीस वर्षांपूर्वी लग्न होऊन गडावर आले. सासूबाईंची तबक उद्यानाच्या वाटेवर झुणका-भाकरीची टपरी होती. त्या टपरीवर माझ्या नवऱ्याचे शिक्षण झाले आणि आमच्या घराचा सोपाही त्याच पैशांतून बांधला गेला. मी स्वतः पायथ्याजवळच्या एका शाळेत इतिहास आणि मराठी शिकवते. म्हणजे सकाळी मुलांना गडाचा इतिहास सांगायचा आणि संध्याकाळी त्याच गडावर घरी परतायचे, असे माझे आयुष्य गेले आहे. म्हणूनच इतिहासाच्या नावाने आमच्याकडे बोट दाखवले जाते तेव्हा मला गप्प राहवत नाही.

पन्हाळा रिकामा असा कधी नव्हता. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याची राजधानी येथे होती. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज भर पावसाच्या रात्री राजदिंडीने बाहेर पडले, हे सर्वांना ठाऊक असते. पण चार महिने तो वेढा सोसणाऱ्या गडावर माणसे, जनावरे, धान्य, लोहार, सुतार, पखालजी सगळे होते, याचा विचार फारसा कोणी करत नाही. अंबारखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही तीन धान्यकोठारे ज्यांच्या पोटासाठी बांधली गेली, ती या गडाची वस्ती होती. कवी मोरोपंतांचा जन्म १७२९ साली पन्हाळ्यावरच झाला. महाराणी ताराबाईंनी येथून राज्य चालवले आणि १७८२ मध्ये राजधानी कोल्हापुरास हलेपर्यंत हे राजधानीचे शहर होते. पुढे ताराराणींच्या त्याच वाड्यात वर्षानुवर्षे शाळा भरली. आज गडावर नगरपरिषद आहे आणि जेमतेम तीन हजार लोक राहतात. आपण ज्याला दृश्यबाधा म्हणता ती वस्ती या इतिहासाचा पुढचा भाग आहे.

आणखी एका प्रसंगाची आठवण द्यावीशी वाटते. गड सांभाळणाऱ्या वंशपरंपरागत शिबंदीला आमच्याकडे गडकरी म्हणत. त्यांच्या चाकरीच्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात देण्याचा निर्णय दूर बसलेल्या कारभाऱ्यांनी घेतला, गडकऱ्यांना कोणी विचारले नाही, आणि १८४४ मध्ये सामानगड व भुदरगडापासून पन्हाळ्यापर्यंत उठाव झाला. १ डिसेंबर १८४४ रोजी इंग्रजांनी पन्हाळा घेतला आणि त्यानंतर चार दरवाजा पाडून टाकला. त्याच बाजूने आज आमच्या गाड्या वर येतात. गड राखणाऱ्या माणसांना बाजूला सारले गेले तेव्हा गडाचा एक भव्य दरवाजाही गेला, हे मी दरवर्षी मुलांना शिकवते.

आता तक्रारी मांडते.

पहिली तक्रार भाषेची. सीमारेषा, गाभाक्षेत्र, त्याभोवतीचे संरक्षक क्षेत्र, कोणत्या भागात काय चालेल आणि काय चालणार नाही, हे सगळे ज्या मसुद्यात आहे तो इंग्रजीत आहे. माझ्या हाती आलेली त्याची प्रत पुसट होती आणि नकाशाचे प्रमाण इतके लहान होते की एका घराच्या जागी पेन्सिलीचे टोकही मावले नसते. ज्या माणसाचे घर त्या रेषेच्या आत की बाहेर, हे त्यालाच वाचता येत नसेल, तर त्याने हरकत घ्यायची कशावर?

दुसरी तक्रार घरदुरुस्तीची, आणि ती मी जरा सविस्तर सांगणार आहे. आमचे घर जांभ्याचे, मातीत बांधलेले आणि कौलारू आहे. पन्हाळ्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की येथे तो वरून कमी आणि पश्चिमेकडून आडवा जास्त येतो. दरवर्षी मृगाआधी कौले उतरवायची, फुटकी बदलायची, वासे तपासायचे आणि घर पुन्हा शाकारायचे, ही येथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात शाकारणी करताना आढ्याजवळचे दोन वासे वाळवीने आतून पोखरलेले निघाले. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र निषिद्ध आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित, हा कायदा आम्हाला माहीत होता, म्हणून वासे बदलण्यापूर्वी रीतसर अर्ज केला. आधी घर जुने असल्याचा पुरावा मागितला, तो दिला. मग नकाशा, मग चारही बाजूंची छायाचित्रे, मग शपथपत्र. प्रत्येक वेळी नवा कागद, नवी फेरी आणि माझी एक रजा. उत्तर येईपर्यंत दोन पावसाळे गेले. ते दोन्ही पावसाळे आम्ही ताडपत्रीखाली काढले. पश्चिमेच्या भिंतीतील माती धुऊन निघाली आणि जांभ्याच्या चिऱ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी पडल्या. सासूबाईंची खाट तीनदा हलवावी लागली. दोन वासे वेळेवर बदलले असते तर ती भिंत आज सरळ उभी असती. वारशाच्या भोवतीचे एक जुने, त्याच दगडाचे, त्याच घाटाचे घर वारशाच्या नियमामुळे खचले, ही गोष्ट आराखडा करणाऱ्यांनी मनावर घ्यावी, अशी माझी विनंती आहे. शिवाय गडाच्या आत राहणाऱ्याने हे १०० मीटर मोजायचे कोठून? आमच्या एका बाजूला तट आहे, दुसऱ्या बाजूला कोठार, खाली बाव. एका वर्तुळातून बाहेर पडावे तर दुसऱ्यात पाय पडतो. ज्याला वास्तुविशारद आणि वकील परवडतो त्याचे काम पुढे सरकते, आणि शाकारणी करणारा मात्र गुन्हेगारासारखा वावरतो.

तिसरी तक्रार तटबंदीच्या देखभालीची आहे, आणि खरे तर हीच मला सर्वांत जास्त बोचते. गडाचा घेर सुमारे ७ किलोमीटर आहे. त्याचा खरा शत्रू पाणी आहे. तटाच्या मोऱ्या तुंबल्या की पाणी भिंतीच्या पोटात साठते आणि एके दिवशी बुरुजाचा तुकडा खाली येतो. जुलै २०२१ मध्ये गडावर येणारा मुख्य रस्ता खचला आणि आम्हाला दीर्घकाळ गैरसोय सोसावी लागली, तेव्हा या डोंगरात पाणी काय करू शकते हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. माझे सासरे दरवर्षी रोहिणी नक्षत्रात शेजाऱ्यांना घेऊन आमच्या अंगणामागच्या तटाच्या मोऱ्या लोखंडी सळईने मोकळ्या करायचे आणि पाऊस सरला की दगडांच्या सांध्यांतून उगवलेली पिंपळाची रोपे करंगळीएवढी असतानाच उपटायचे. त्यांना हे करायला कोणी सांगितले नव्हते आणि त्याचे पैसेही कधी मिळाले नाहीत. आज ते काम कोणी करत नाही, कारण संरक्षित स्मारकाला हानी पोहोचवल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, असे फलक लागले आहेत. रोप उपटणे म्हणजे हानी की निगा, याची विषाची परीक्षा कोण घेणार? त्यामुळे आमच्या मागच्या तटात आता मनगटाएवढ्या जाडीची मुळे गेली आहेत आणि दोन चिरे जागचे हलले आहेत. ते मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसतात. वास्तविक १९५८ च्या स्मारक कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने गटारे व सांडपाण्याच्या मार्गांची सफाई बांधकामाच्या व्याख्येबाहेर ठेवली आहे. म्हणजे वाट कायद्यातच मोकळी आहे. ती आम्हाला कोणी समजावून सांगितली नाही, एवढेच.

याच संदर्भात चुन्याबद्दलही लिहिले पाहिजे. आमच्या भागातील एका वृद्ध गवंड्यांनी मला एकदा पडक्या चुन्याच्या घाण्यापाशी नेले होते. जमिनीत गोल चर, मधे खुंटा आणि बैलाने ओढायचे दगडी चाक. कळीचा चुना कित्येक दिवस भिजत ठेवायचा, मग वाळूबरोबर घाण्यात मळायचा, त्यात गुळाचे पाणी आणि हिरडा घालायचा, आणि बोटाने ताणला की लोण्यासारखा ओढला गेला पाहिजे, असे ते सांगत होते. चुन्याने भरलेल्या दर्जांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, भिंतीची ओल बाहेर निघून जाते. सिमेंटच्या दर्जांत ती कोंडते, आणि मग दर्जा शाबूत राहून शेजारचा जांभा भुगा होऊन गळतो. हे ज्ञान त्या गवंड्यांच्या हातात होते. त्यांची मुले आता पुण्याला स्लॅबच्या कामावर आहेत. एखाद्या गडाची डागडुजी निघते तेव्हा निविदेत उलाढालीची अट असते, अनुभवाच्या प्रमाणपत्रांची अट असते. घाणा कसा चालवायचा हे येते का, असे कोणी विचारत असल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

चौथी तक्रार रोजगाराची. टपऱ्या हलवाव्यात, नीट मांडाव्यात, कचऱ्याचे नियम कडक करावेत, याला आमची ना नाही. पण ज्या बायकांनी पहाटे उठून भाकऱ्या थापल्या त्यांना 'अनधिकृत' म्हणून उठवायचे आणि त्याच जागी ठेक्याने उपाहारगृह द्यायचे, असा विचार कोणाच्या मनात असेल, तर तो आत्ताच सोडून द्यावा.

आमच्याही चुका झाल्या आहेत आणि त्या मी लपवत नाही. गडावर गरजेपेक्षा उंच सिमेंटच्या इमारती उभ्या राहिल्या, काही सांडपाणी नको तिकडे सोडले गेले, सुट्टीच्या दिवशी प्लास्टिकच्या बाटल्यांचा ढीग पडतो आणि आम्ही तो पाहूनही पुढे जातो. यासाठी नियम हवेत, आणि ते सर्वांना सारखे हवेत. पण नियम करताना गडावरच्या माणसाला समोर बसवून केले तर तो ते पाळेल आणि शेजाऱ्यालाही पाळायला लावेल.

इतरत्र काय झाले हे आपण माझ्यापेक्षा जास्त जाणता. हंपीला १९८६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि २०११ च्या जुलैमध्ये विरूपाक्ष मंदिरासमोरच्या बाजारातून तीनशेहून अधिक कुटुंबांची घरे व दुकाने अल्प मुदतीत पाडण्यात आली. तो बाजार ओस पडला. जैसलमेरच्या सोनेरी किल्ल्यात आजही हजारो लोक राहतात. तेथे नळाचे पाणी आले, त्यामानाने गटारे झाली नाहीत, पाणी पायात मुरले आणि काही बुरूज ढासळले. माणसे राहतात म्हणून किल्ला पडतो, असा त्यातून निष्कर्ष काढणारे आहेत. मला त्यातून गटारे आधी बांधायला हवी होती, एवढेच दिसते. आणि आफ्रिकेतील माली देशात जेन्ने येथील प्रचंड मातीची मशीद दरवर्षी पावसाळ्याआधी सारे गाव मिळून चिखलाने लिंपते. तिथले गवंडी, मुले, पाणी वाहणाऱ्या बाया हे सगळे त्या वारशाचे राखणदार आहेत. आमच्या सासऱ्यांची सळई आणि जेन्नेच्या लोकांची चिखलाची पाटी मला एकाच कुळातली वाटते.

हे माझे एकटीचे म्हणणे नाही. १९७२ च्या ज्या जागतिक वारसा कराराला भारताने १९७७ मध्ये मान्यता दिली, त्याच्या पाचव्या कलमात वारशाला लोकजीवनात स्थान देणारे धोरण आखण्याची जबाबदारी सदस्य देशांवर टाकली आहे. २००७ मध्ये न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथील अधिवेशनात समितीने आपल्या धोरणात्मक उद्दिष्टांत स्थानिक समाजाचा सहभाग हे पाचवे उद्दिष्ट म्हणून जोडले. ज्या दर्जाच्या नावाने आम्हाला नियम सांगितले जातात, त्याच दर्जाची ही अट आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

आराखड्याचा पूर्ण मसुदा आणि घराघराची जागा ओळखू येईल एवढ्या मोठ्या प्रमाणाचे नकाशे मराठीत, आणि जिंजीसाठी तमिळमध्ये, नगरपरिषदेत, ग्रामपंचायतींत व शाळांत लावावेत, आणि हरकतींसाठी किमान ६० दिवस द्यावेत. केवळ जागतिक वारशाच्या कारणाने कोणत्याही राहत्या कुटुंबास उठवले जाणार नाही, हे त्या आराखड्यात एका स्वतंत्र कलमाने लिहावे. दरड वा बुरुजाच्या धोक्यामुळे कोणाला हलवणे भाग पडलेच, तर त्याची संमती, जवळची पर्यायी जागा आणि मुदत आधी ठरवावी.

शाकारणी, वासे व कौले बदलणे, भिंतींना चुना देणे, मोऱ्या व गटारे साफ करणे, अशा कामांची यादी जाहीर करावी. त्यातील ज्या कामांना परवानगी लागतच नाही तसे स्पष्ट लिहावे. ज्यांना लागते त्यांच्यासाठी गडावरच एक खिडकी उघडून ३० दिवसांत होकार किंवा कारणासह नकार द्यावा. जांभा, कौले आणि लाकूड यांत घर कसे दुरुस्त करावे याचे नमुना आराखडे विनामूल्य मिळावेत.

प्रत्येक गडासाठी स्थानिक निगा पथक नेमावे आणि त्याला नियमित मजुरी द्यावी. मोऱ्या, रोपटी, सुटलेले चिरे यांची पाहणी त्याने वर्षातून दोनदा, रोहिणीत आणि दसऱ्यानंतर, पुरातत्त्वाच्या जाणकाराच्या देखरेखीखाली करावी. गडावर मिळणाऱ्या तिकीट व वाहनशुल्काचा ठरावीक वाटा याच कामी लावावा. चुन्याचे काम जाणणारे जे थोडे गवंडी उरले आहेत त्यांच्या हाताखाली तरुणांना शिकवण्याची सोय एका वर्षाच्या आत व्हावी, कारण त्या माणसांचे वय वाट पाहण्याचे राहिलेले नाही.

व्यवस्थापन समितीत किमान एक तृतीयांश जागा स्थानिकांना द्याव्यात आणि त्यांत महिला व टपरीधारक असावेत. हे पन्हाळ्यापुरते मी म्हणत नाही. रायगडावरची धनगर कुटुंबे, खांदेरीच्या वेताळाला मानणारे कोळी बांधव, सिंधुदुर्गाच्या तटाच्या आत राहणारे रहिवासी, प्रतापगडावरचे गावकरी आणि साल्हेरच्या पायथ्याचे आदिवासी या सर्वांना आपापल्या गडाच्या समितीत बसण्याचा हक्क आहे. टपऱ्यांची नोंद करून सध्याच्या चालकांनाच परवाने द्यावेत.

शेवटची मागणी लहान आहे. नकाशाच्या सूचीतून दृश्यबाधा हा शब्द काढावा आणि त्याजागी वस्ती असे लिहावे.

येत्या मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही काही रहिवासी तीन दरवाजापाशी जमणार आहोत. तेथून तटाच्या कडेने चालत, कशालाही हात न लावता, तुंबलेल्या मोऱ्या, वाढलेली झाडे आणि हललेले चिरे यांची छायाचित्रांसह यादी करणार आहोत. ती यादी आपल्याला पाठवूच. परंतु आपल्यापैकी कोणी त्या फेरीला आले, तर आमच्या अंगणामागचे ते दोन चिरे मला प्रत्यक्ष दाखवता येतील. चहा-न्याहारीची सोय आमच्याकडे आहे.

आपली नम्र,
पन्हाळ्याची एक रहिवासी व शिक्षिका